मधे रेघ असलेली गोळी

मास्तरांनी मुंढ्याच्या गोलाईवर कात्री मधेच टेकवली, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

मास्तर म्हणजे माझे यजमान. सगळे त्यांना मास्तर म्हणतात, मीही तेच म्हणते. एक्केचाळीस वर्षांच्या संसारात दुसरं काही जिभेवर बसलंच नाही. आमचं शाळेचे गणवेश शिवायचं काम. दोन खोल्या, सात मशिनं, शर्टाला टिचबटणं ठोकायचं एक यंत्र, आणि खिडकीखाली कापायचं लांब टेबल. टेबल मास्तरांचं, बाकी सगळं माझं. आठ थर कापड एकावर एक लावून, वर खडूने आखून मास्तर कात्री घालायचे, आणि बाही जिथे जोडतात त्या मुंढ्यावर ती एकदा शिरली की दुसऱ्या टोकालाच बाहेर यायची. "मधे थांबलं की कापडाला दात पडतो," म्हणायचे. तो माणूस गोलाईच्या मधोमध कात्री सोडून संडासाकडे पळाला. तासाभराने परत. जेवायच्या आधी तिसऱ्यांदा.

बटणं लावणारी म्हणाली, "बाई, मास्तरांचं टेबल तिकडेच नेऊन ठेवू या का? खेपा तरी वाचतील."

सगळ्या खिदळल्या. मीही हसले.

घरी विचारलं तर म्हणाले, "जळजळतं. आणि झालं म्हणून उठावं तर झालेलं नसतं."

"मग सांगायचं कधी? पेटल्यावर?"

मी डबा काढला.

डब्याचं सांगायला हवं. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा, झाकणाला पोचा आलेला. घरात कोणाला काहीही झालं आणि डॉक्टरने गोळ्या दिल्या की बरं वाटेपर्यंतच्या पोटात आणि उरलेल्या डब्यात, ही आमच्या घरची रीत. रीत माझ्या सासूची, पण मी ती वाढवली. शिक्षण माझं चौथीपर्यंत, तेही चौथीतल्या गुरुजींना माझा कंटाळा आला म्हणून संपलं. गोळ्यांची इंग्रजी नावं मला वाचता येत नाहीत. पण रंग, आकार, जाडी यावरून मी अंधारातही गोळी ओळखीन. पाकिटं जागा खातात म्हणून मास्तरांच्या जुन्या कात्रीने एकेक गोळी सुटी कापून ठेवायची. गुलाबी गोल अंगदुखीची. पिवळी-तांबडी कॅप्सूल घशाची. पांढरी लांबट, मधे रेघ असलेली, ती पोटाच्या आणि लघवीच्या त्रासाची. शेजारपाजारच्या बाया मला डब्याची डॉक्टरीण म्हणायच्या. तोंडावर म्हणायच्या आणि मला आवडायचं.

मास्तरांना मी पांढरी लांबट दिली. सकाळी एक, संध्याकाळी एक, चार दिवस. गोळ्या सुनेच्या होत्या, मागच्या वर्षी तिला त्रास झाला तेव्हाच्या. जळजळ थांबली. उरलेल्या पाच पुन्हा डब्यात.

"बघा," मी म्हटलं.

"बघितलं," मास्तर म्हणाले. पण खेपा चालूच राहिल्या.

मुलगा आमचा तयार माल शाळांना पोचवायचं काम बघतो. बापावर गेलाय, कमी बोलतो. पण त्याने एक दिवस मास्तरांना गाडीत घातलं आणि रक्त तपासून आणलं. कुठलासा आकडा चारच्या आत हवा, तो अकरा निघाला. मग मास्तरांना त्या मोठ्या नळकांड्यात झोपवून फोटो काढला. लघवीच्या पिशवीखाली पुरुषांना जी गाठ असते, प्रोस्टेट म्हणतात, तिच्या डाव्या अंगाला एक काळपट डाग दिसला.

डॉक्टरीण सुनेच्या वयाची. केस कापलेले, नखं कापलेली, बोलणंही कापलेलं. तिच्या खोलीत आम्ही चौघं बसलो. मास्तर, मी, मुलगा आणि सून. सून वाचनालयात कामाला आहे, खोकल्याच्या बाटलीवरचं बारीक अक्षरही पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचते. तिने वही आणली होती. मी मनात म्हटलं, आली पंडिता.

"डाग म्हणजे कॅन्सरच असं नाही," डॉक्टरीण म्हणाली. "तुकडे काढून तपासल्याशिवाय सांगता येणार नाही. त्याला बायोप्सी म्हणतात. दोन वाटा आहेत."

तिने कागदावर काढून दाखवलं. एक वाट मागून. शौचाच्या जागेतून बोटाएवढं यंत्र घालायचं, आतल्या भिंतीतून सुई प्रोस्टेटमध्ये मारायची. दुसरी वाट पुढच्या आणि मागच्या जागेच्या मधली जी कातडी, तिच्यातून. सुया दोन्हीकडे बाराच्या आसपास. सापडायचं ते दोन्ही वाटांनी साधारण सारखंच सापडतं.

"मग फरक काय?" सुनेने विचारलं.

"पहिल्या वाटेत सुई घाणीच्या जागेतून जाते. तिथले जंतू सुईबरोबर रक्तात जाऊ शकतात. त्यासाठी आधी अँटिबायोटिक देतो. तरी शंभरात एखाद-दोघांना जोराचा ताप येऊन दवाखान्यात राहावं लागतं. कातडीच्या वाटेत हा धोका कमी. पण तिचं यंत्र आमच्याकडे एकच आहे, सहा आठवडे थांबावं लागेल. पहिली वाट येत्या बुधवारी होईल."

सहा आठवडे म्हणजे शाळा उघडायची वेळ. अकरा शाळांचे गणवेश, आणि कापणारा एकच माणूस. मी मास्तरांकडे पाहिलंसुद्धा नाही.

"बुधवारी," मी म्हटलं.

"एक विचारायचंय," डॉक्टरीण मास्तरांकडे वळून म्हणाली. "गेल्या सहा महिन्यांत काही अँटिबायोटिक घेतलंय? जंतू मारायच्या गोळ्या? घेतल्या असतील तर जंतू त्या गोळीला सरावलेले असू शकतात. मग मी ही वाट धरणार नाही. धरलीच, तर आधी तिथले जंतू तपासून कुठली गोळी लागू पडते ते बघेन."

मास्तरांनी तोंड उघडलं. उघडलेलं मी पाहिलं.

"आमच्या घरात गोळ्या खायची सवय नाही," मी म्हटलं.

मला तो शब्द कळला नव्हता असं आता म्हणता येईल. म्हणणार नाही. जंतू मारायच्या गोळ्या, हे तिने मराठीतच सांगितलं होतं. पण समोर सून वही उघडून बसलेली, तिच्याएवढीच ती डॉक्टरीण, आणि मी सांगायचं की सुनेच्या उष्ट्या गोळ्या मी नवऱ्याला घातल्या? शिवाय बुधवार हातचा जाणार. मास्तरांचं तोंड मिटलं. एक्केचाळीस वर्षं त्यांच्या वतीने मीच बोलत आले होते. भाजीवाल्याशी, घरमालकाशी, शाळेच्या मुख्याध्यापकांशी. डॉक्टरणीने खूण केली आणि पान उलटलं.

मंगळवारी संध्याकाळी दवाखान्यातून दिलेली पुडी सोडली. आत दोन गोळ्या. पांढऱ्या, लांबट, मधे रेघ.

मला काय वाटलं असेल? भीती वाटायला हवी होती. मला अभिमान वाटला. पुडी मास्तरांच्या नाकासमोर नाचवली. "बघा! एवढं शिकून बाई त्याच गोळीपाशी आली, जी मी महिन्यापूर्वी दिली. फुकटात!"

"अगं, पण तिने विचारलं होतं ते..." मास्तर म्हणाले.

"पाणी घ्या आणि गिळा."

गिळली.

बुधवारी ते आत, मी बाहेर बाकावर. वीस मिनिटांत बाहेर आले, पाय जरा फाकवून चालत. मुलाने विचारलं, "बाबा, दुखलं?"

"आपलं टिचबटणाचं यंत्र नाही का? तसाच आवाज. खट्ट. मग थांबते, मग पुन्हा खट्ट. बारा मोजले." मग थोडं हसले. "आयुष्यभर दुसऱ्यांना सुया लावल्या. आता हिशेब बरोबर झाला."

सोबत एक कागद मिळाला. सुनेने तो घरी गेल्या गेल्या कापायच्या टेबलाच्या वर भिंतीला चिकटवला. लघवीत थोडं रक्त दिसेल, घाबरू नका. पाणी भरपूर प्या. ताप एकशे एकच्या वर गेला किंवा थंडी वाजली, तर वाट न बघता लगेच या. 'लगेच'खाली तिने लाल रेघ मारली.

"आई, हे महत्त्वाचं आहे हं."

"मला वाचता येतं," मी म्हटलं. "तुझ्याइतकं जोरात नाही येत, एवढंच."

गुरुवार सकाळ ठीक गेली. मास्तर टेबलापाशीसुद्धा जाऊन आले. अकराच्या सुमाराला ते खुर्चीत बसले होते आणि कात्रीचा टेबलावर खडखड आवाज यायला लागला. मी वळून पाहिलं. कात्री त्यांच्या हातात होती आणि हात थडथडत होता. मग दात. मग सगळी खुर्ची. ऊन खिडकीतून थेट त्यांच्या मांडीवर पडलेलं, आणि ओठ निळे.

बटणं लावणारी उठली. "बाई, तो कागद..."

"तू बटणं लाव."

मास्तरांना आतल्या खोलीत आडवं केलं. दोन गोधड्या घातल्या, वर गणवेशाचं जाड कापड उलगडून घातलं. आणि डबा काढला. अंगदुखीची गुलाबी एक, आणि पांढरी लांबट एक. डॉक्टरणीची गोळी तीच होती ना? मग अजून एक दिली तर बिघडलं कुठे? थोड्या वेळाने घाम फुटला, अंग गार झालं. मी बाहेर येऊन बायकांना सांगितलं, "उतरला."

दोनला पुन्हा चढला. तीनला मास्तर मला ताई म्हणाले. ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण, ती जाऊन वीस वर्षं झाली. मी त्यांच्या कपाळावर ओलं फडकं ठेवत राहिले. कागद भिंतीवर होता. आतल्या खोलीतून तो दिसत नव्हता, म्हणून मी आतल्याच खोलीत बसले.

साडेपाचला सून आली. दारातूनच ओरडली, "ताप कधीपासून आहे?"

"आत्ताच आलाय."

तिने बटणं लावणारीकडे पाहिलं. त्या बाईने मान खाली घातली. सुनेने मला काही विचारलं नाही. नवऱ्याला फोन केला आणि मास्तरांच्या काखेत हात घातला. मी उचलायच्या आधी तिने त्यांना उचललं.

दवाखान्यात मास्तरांचा रक्तदाब मोजणाऱ्या नर्सने यंत्र दोनदा बांधलं. पहिल्यांदा आलेल्या आकड्यावर तिचा विश्वास बसला नाही. जंतू रक्तात गेले होते. सुई लावली, रक्त तपासायला काढलं, सलाईन, नाकाला नळी. ड्यूटीवरच्या डॉक्टरने पुन्हा तोच प्रश्न विचारला. या आधी कुठली अँटिबायोटिक?

मुलगा माझ्याकडे बघत होता, सून बघत होती. "नाही," मी म्हटलं. एकदा शिवलेलं उसवायला धीर लागतो. तो माझ्याकडे नव्हता.

सकाळी त्यांना काचेच्या खोलीत हलवलेलं होतं. दोन पंपांतून थेंब थेंब औषध जात होतं. हाताची बोटं निळसर दिसत होती. डॉक्टरीण आली. तिचे केस विस्कटलेले होते, डोळ्यांखाली काळं झालं होतं. परवापर्यंत किती ताठ होती, आज काचेला हात टेकून उभी राहिली.

"काल लावलेलं औषध काम करत नाहीये. रक्तदाब खाली जातोय. तो वर धरायला जे औषध दिलंय ते हातापायांच्या टोकांचं रक्त आवळतं, ते फार वेळ देता येत नाही. रक्ताच्या तपासणीतून कुठले जंतू ते कळेल, पण उद्या. तोवर मी अंदाजाने चाललेय." मग ती मास्तरांकडे बघत, मला नव्हे, म्हणाली, "एवढे चिवट जंतू आपोआप होत नाहीत. काहीतरी घेतलेलं असावं. आत्ता कळलं तर आजच्या आज राखून ठेवलेलं औषध सुरू करते. ते मूत्रपिंडांना मारक आहे, म्हणून उगाच देत नाही."

सून म्हणाली, "आई म्हणतात ना नाही, तर नाही. आमच्या आई खोटं बोलणार नाहीत."

कुत्सितपणे म्हणाली असती तर मी गप्प राहिले असते. सात वर्षं तिच्या कुत्सितपणाला मी पुरून उरले आहे. पण ती मनापासून म्हणाली. माझी बाजू घेऊन.

"घेतल्या," मी म्हटलं. "मी दिल्या. महिन्यापूर्वी, चार दिवस. आणि काल एक. ताप अकराला आला होता."

मुलगा खाली बसला. खुर्ची नव्हती, जमिनीवरच बसला.

"कुठली गोळी? नाव?"

"नाव येत नाही. बघितली की सांगते."

सून धावत गेली आणि अर्ध्या तासात डबा घेऊन आली. नर्सने ड्रेसिंगच्या स्टीलच्या ताटात तो पालथा केला. खळखळून सगळं पडलं. माझी चाळीस वर्षांची डॉक्टरकी. सुट्या सुट्या कापलेल्या गोळ्या, एकाही तुकड्यावर पूर्ण नाव नाही. कुठे दोन अक्षरं, कुठे तीन, कुठे नुसती तारीख, तीही केव्हाच उलटलेली. डॉक्टरीण तुकडे उलटे-सुलटे करत होती. मी बोट ठेवलं. "ही."

तिने तो तुकडा उजेडात धरला. मग खिशातून एक पूर्ण पाकीट काढून शेजारी धरलं. दोन्हीकडे पांढरी, लांबट, मधे रेघ.

ती एवढंच म्हणाली, "आम्हीही हीच दिली होती." आणि वळून नर्सला औषधाचं नाव सांगितलं. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. शिव्यांना माझ्याकडे उत्तर असतं.

औषध लागू पडलं. तिसऱ्या दिवशी मास्तरांनी डोळे उघडले, सातव्या दिवशी पाणी मागितलं. मूत्रपिंडांचं काम निम्म्यावर आलं. पायांची बोटं परत लाल झाली. डाव्या हाताची झाली. उजव्या हाताच्या अंगठ्याचं आणि पहिल्या बोटाचं टोक काळं पडलं होतं, ते काळंच राहिलं. विसाव्या दिवशी दोन्ही पहिल्या पेरापासून काढली. कात्रीच्या कड्यात अंगठा जातो आणि तो कात्री उघडतो, मिटतो. ज्याने हातात कात्री धरली नाही त्याला यात काय गेलं ते कळणार नाही.

बारा तुकड्यांचा अहवाल या सगळ्यात आला होता. कोणी उघडला नव्हता. डॉक्टरणीनेच घरी सोडायच्या दिवशी उघडून सांगितला. बारापैकी दोन तुकड्यांत कॅन्सर होता. हळू वाढणारा. ऑपरेशन नको, नुसती नजर ठेवायची.

"म्हणजे याने ते गेले नसते?" मी विचारलं.

"बहुधा नाही. पण सुया सगळीकडे पोचतात असं नाही, कधी कधी मोठं काही शेजारून निसटतं. म्हणून वर्षाने पुन्हा बघायचं."

सून मला त्या दिवसानंतर एका शब्दाने बोलली नाही. टोमणा नाही, उसासा नाही. चहा देते, औषधाच्या वेळा सांगते. माझी जीभ तिच्यासमोर आपोआप मऊ होते आणि त्याचा मला राग येतो. कापायच्या टेबलावर आता दुसरा कारागीर आहे, पन्नाशीचा, रोजाने बोलावलेला. मुंढ्यावर तो मधे थांबतो. कापडाला दात पडतो. मास्तर खुर्चीत बसून बघतात. मागच्या गल्लीतली एक जण नातवाच्या कानासाठी गोळी मागायला आली होती. मी म्हटलं, "डबा नाही. दवाखान्यात ने." ती म्हणाली, "अगं बाई, डॉक्टरणीने दुकान बंद केलं?" मी तिच्या तोंडावर दार लावलं.

वर्ष झालं. या वेळी कातडीच्या वाटेचं ठरलं होतं. दोन महिने थांबायला सांगितलं, आम्ही थांबलो. त्याच खोलीत बसलो, चौघं. सुनेने वही आणली होती, पण उघडली नव्हती.

डॉक्टरणीने मास्तरांकडे खुर्ची वळवली. "गेल्या सहा महिन्यांत काही अँटिबायोटिक?"

मी ओठ आत घेऊन बसले. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. सवयीने. मी पुढ्यातल्या टेबलाच्या कडेकडे बघत राहिले. डॉक्टरीण थांबली होती, सून थांबली होती. माझ्या घशात उत्तर तयार होतं आणि ते बाहेर येऊ नये म्हणून मी श्वाससुद्धा जपून घेत होते.

"मागच्या वर्षी तुम्ही विचारलंत," मास्तर म्हणाले, "तेव्हा मला माहीत होतं."

डॉक्टरणीने पेन खाली ठेवलं.

"गोळी माझ्या पोटात गेली होती. तोंड माझं होतं. मी बोललो नाही. उगाच घरात आवाज नको, म्हटलं." ते डॉक्टरणीला सांगत होते, पण बघत होते आपल्या आखूड अंगठ्याकडे. "या वेळी नाही घेतली. एकही नाही."

त्यांनी सगळा दोष माझ्या पदरात घातला असता तर मी तो पेलला असता. पेलायला बसलेच होते. त्यांनी त्यातला निम्मा उचलून घेतला आणि मला कळेना की उरलेला हलका झाला की जड.

डॉक्टरणीने संमतीचा कागद पुढे सरकवला. मास्तरांनी पेन डाव्या हातात घेतलं. अजून तितकं जमत नाही. कागद गुळगुळीत टेबलावर घसरत होता आणि अक्षर वाकडं जात होतं. मी हात पुढे केला. सून बघत होती.

मी कागद धरला. सही त्यांनी केली.